बबल-टॉप शो-कार, १९६२ : जीर्णोद्धाराच्या नोंदी

१४ जानेवारी २०२३

गाडी ट्रेलरवरून उतरवली. मिशिगनमधल्या एका खासगी संग्रहातली, १९६२ साली एकाच कारागिरानं बांधलेली. खाली १९५५च्या शेवरलेची चेसी, मूळचा ११५ इंचांचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर) कापून ९८ इंचांवर आणलेला. इंजिन २८३ घनइंची व्ही-८, मागे ओतीव लोखंडी खोक्याचा दोन गिअरचा पॉवरग्लाइड ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. बॉडी फायबरग्लासची, वर अ‍ॅक्रिलिकचा एकसंध घुमट, तोच बबल-टॉप. दारं नाहीतच. घुमट उचलायचा आणि कडेवरून आत पाय टाकायचा.

अशा गाड्यांचं घराणं ठरलेलं आहे. १९५५ची लिंकन फ्युचुरा कंपनीच्या पैशावर इटलीत घिया या बॉडी बांधणाऱ्या कंपनीकडे बनली. तिच्यासारखं काही गल्लीतल्या गॅरेजात करायचं म्हणून कॅन्ससमधल्या विचिटा गावी डॅरिल स्टारबर्डनं १९५६च्या थंडरबर्डवर 'प्रेडिक्टा' केली, आणि कॅलिफोर्नियात एड रॉथनं १९६१ साली 'बीटनिक बँडिट' उभी केली. ती आज नेवाडात रीनोच्या संग्रहालयात आहे. आपली गाडी सरळसरळ रॉथच्या वळणाची.

गाडी कोणत्या सालची दिसायला हवी, ते आधी ठरवलं : १९६२-६३च्या प्रदर्शनांच्या हंगामातली. नंतर कुणीतरी मारलेला काळा इनॅमल, सत्तरच्या दशकातली रुंद चाकं आणि बाजूचे आरसे, तिन्ही जाणार. त्या हंगामातले कृष्णधवल फोटो हाच पुरावा. काळी रेघ नेमकी कुठून जाते याबद्दल आठवणी काही म्हणोत, फोटोत दिसतं तेच धरायचं.

१५ जानेवारी

मोजमाप. जमिनीवर मध्यरेषेची दोरी, दोन्ही अंगांनी ओळंबे, दर १०० मि.मी.वर आडवा छेद. डावा मागचा पंख उजव्यापेक्षा ११ मि.मी. लांब. नाकाचा मध्य चेसीच्या मध्यापासून ६ मि.मी. उजवीकडे. पुढच्या चाकांच्या कमानी एकाच वर्तुळाच्या नाहीत.

हे अपघातानं झालेलं नाही, पद्धतच तशी होती. रॉथ आणि त्याच्या वाटेनं जाणारे लोक साचा करत नसत. लाकडी सांगाड्यावर जाळी, तिच्यावर प्लास्टर आणि व्हर्मिक्युलाइटचा लगदा, तो रंध्यानं आणि पट्टीनं हवा तसा कोरायचा आणि थेट त्याच्यावर फायबरग्लास घालायचा. रेझिन घट्ट झालं की आतून प्लास्टर फोडून काढायचं. साचा नाही म्हणजे दुसरी बॉडी नाही, आणि दोन्ही अंगं फक्त नजरेनं जुळवलेली. लेझर स्कॅन करून डावी बाजू उजवीची आरशातली प्रत करता येईल, पण करायची नाही. ११ मि.मी. तसेच राहतील. ते काढले की हाती उरेल ती चांगली नक्कल.

२८ जानेवारी

रंगाचा शोध. रसायन लावून रंग काढायचा विचारच नाही. मिथिलीन क्लोराइडचे स्ट्रिपर अमेरिकेत घरगुती विक्रीतून २०१९ मध्ये बाद झाले, पण ते नसतं झालं तरी पॉलिएस्टर रेझिन त्यानं मऊ पडतं आणि आत मुरलेलं द्रावक पुढे महिनोन्महिने नव्या रंगाखाली फोड आणत राहतं.

सात ठिकाणी रुपयाएवढी खिडकी घासली : ४००, ८०० आणि मग १५०० नंबरचा पेपर, पाण्यासोबत. झाडाच्या खोडासारखी वर्तुळं उघडली. वरून आत : काळा इनॅमल, करडा प्रायमर, पारदर्शक लॅकर, निळा कँडी (खालची चमक दिसू देणारा पारदर्शक रंग), चंदेरी फ्लेक (चकचकीत कण), चंदेरी बेस, तांबूस प्रायमर, फायबर.

खरा रंग हेडलाइटच्या कड्याखाली सापडला. तिथे ऊन पोहोचलं नव्हतं. बाहेरच्या खिडक्यांत कँडी राखाडी-जांभळट दिसतो, कड्याखाली स्वच्छ गर्द निळा. कँडीत रंगद्रव्याऐवजी विरघळलेला डाय असतो आणि तो उन्हानं उडतो, म्हणून बाहेरच्या नमुन्यावरून रंग जुळवणं म्हणजे फिकटपणाच जुळवणं. कड्याखालची बोटभर रुंद पट्टी घासायची नाही. मास्किंग करून शेवटपर्यंत तशीच ठेवायची. भिंगाखाली पोलादी पट्टी धरून फ्लेक मोजला, सुमारे ०.४ मि.मी. आजच्या भाषेत ०.०१५ इंची.

११ फेब्रुवारी

रंग काढणं : रुंद ब्लेडची खरवडणी, नंतर लाकडी ठोकळ्यावर ८० नंबर. हीटगन बंद. पॉलिएस्टर गरम झालं की विणीचा ठसा पृष्ठभागावर उठतो.

रंग उतरल्यावर पूर्ण बॉडी नाण्यानं ठोकून ऐकली. चांगल्या जागी टणटण, सुटलेल्या जागी भद्द आवाज. सुटलेल्या जागा खडूनं आखल्या. बहुतेक सगळ्या चाकांच्या कमानींच्या वर आणि घुमटाच्या बिजागरीभोवती आहेत. चाकाजवळच्या तारेसारख्या भेगा वरवरच्या नाहीत. तिथे जुन्या माणसानं रेझिन जाड आणि काचतंतूंची मॅट थोडी घातली आहे. नुसतं रेझिन ठिसूळ असतं, तडा जाणारच.

आतल्या बाजूला प्लास्टरचे तुकडे अजून चिकटलेले. हे पाणी धरून ठेवतात आणि शेजारच्या पोलादी पट्ट्या कुजवतात. छिन्नीनं हलक्या हातानं काढले. बिजागरीची पट्टी हातात आली तीच पापुद्रे होऊन.

५ मार्च

फायबरचं काम. हिशोब इथे लिहून ठेवतो, पुढच्या दुरुस्तीला कामाला येईल.

उतार १२ला १. बॉडीची जाडी ५ मि.मी., म्हणून भेगेच्या दोन्ही बाजूंना ६० मि.मी.पर्यंत ३६ नंबरच्या चकतीनं निमुळतं घासायचं. मॅट ४५० ग्रॅम प्रति चौ.मी. मॅटच्या वजनाच्या अडीच पट रेझिन, म्हणजे एका चौ.मी.ला एका थरासाठी सव्वा किलोच्या आत. एक थर जेमतेम १ मि.मी. भरतो, पाच थर लागतात. पाचही एका बैठकीत घातले की उष्णता साचते आणि ठिगळ वाकतं. तीन घालायचे, थंड होऊ द्यायचं, घासायचं, मग दोन.

रेझिन व्हिनिल एस्टर. जुन्या पॉलिएस्टरला ते साध्या पॉलिएस्टरपेक्षा घट्ट धरतं. इपॉक्सी त्याहून घट्ट, पण त्याच्यावर नंतर पॉलिएस्टर नीट चिकटत नाही आणि वर आपल्याला पॉलिएस्टरचीच लांबी (खड्डे भरायची पुटी) मारायची आहे. हार्डनर दीड टक्का, किलोला १५ ग्रॅम, काट्यावर मोजून. शेड १५ अंशांच्या खाली गेली तर काम थांबवायचं. हार्डनर वाढवून थंडीची भरपाई होत नाही, रेझिन नुसतं ठिसूळ होतं. मार्चमधल्या मिशिगनमध्ये याचा अर्थ रात्रभर हीटर.

शेवटचा थर हवेला चिकट राहतो, म्हणून त्यात मेण घातलेलं रेझिन. घट्ट झाल्यावर आधी मेण पुसायचं, मग घासायचं. उलट केलं तर मेण पेपरनं आत घासलं जातं आणि लांबी सुटते.

१२ मार्च

बॉडीवर तंबू उभारून ५५ अंशांवर १० तास शेक. तापमान हळूहळू चढवलं, हळूहळू उतरवलं. या पायरीला लोक टाळाटाळ करतात. न शेकलेलं रेझिन पुढे पहिल्याच उन्हाळ्यात आणखी आकसतं आणि तेव्हा वर कँडीचा आरसा असतो. त्यात प्रत्येक ठिगळाची कड दिसते. आकसायचं ते आत्ताच आकसून घेऊ दे.

२५ मार्च

चेसी. जिथे १७ इंच कापले तिथे जोड सरळ उभा मारलेला, वर पट्टी नाही. डाय-पेनिट्रंट (भेगेत शिरून ती दाखवणारा रंग) फवारल्यावर डाव्या रेलच्या खालच्या कोपऱ्यात लाल रेघ उमटली : २२ मि.मी.ची चीर. उभा जोड सगळा ताण एकाच छेदावर घेतो. चीर घासून पुन्हा भरली आणि रेलच्या आतल्या बाजूनं दोन्हीकडे समभुज चौकोनी पट्टी, ५ मि.मी. जाड, टोकं पुढेमागे. बाहेरून जुना जोड जसा होता तसाच दिसतो.

क्रोम. फोटोत पुढचं सस्पेन्शन नखशिखांत चकचकीत आहे. कंट्रोल आर्म आणि कव्हरं पाठवली, स्प्रिंगा, टाय-रॉड आणि स्टीअरिंगचे आर्म पाठवले नाहीत. प्लेटिंगच्या टाकीत हायड्रोजन पोलादात शिरतो आणि कठीण पोलाद वरून धड दिसत असताना अचानक तुटतं. प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत सुमारे २०० अंशांवर भाजून तो काढता येतो, पण भाजलं की नाही हे तुकडा बघून कळत नाही. स्टीअरिंगच्या बाबतीत कुणाच्या शब्दावर जायचं नाही. ते भाग हातानं पॉलिश करून मेण लावलं. दोन पावलांवरून फरक ओळखू येत नाही.

मागचे दिवे १९५९च्या कॅडिलॅकचे, त्या काळच्या निम्म्या कस्टम गाड्यांवर असायचे तेच. लाल निमुळत्या काचा चांगल्या, भोवतीची जस्ताची कडी खड्डे पडून गेलेली. प्रत्येक खड्डा बारीक गिरमिटानं तळापर्यंत कोरून काढायचा, मग तांबं. पहिला तांब्याचा थर सायनाइडच्या टाकीतच हवा. आम्लाच्या टाकीत जस्त सरळ विरघळतं.

१५ एप्रिल

इंजिन. बोअर ३.८७५ इंच, स्ट्रोक ३ इंच, बोअर अजून मूळ मापातच. शोच्या गाडीचं इंजिन चालतं किती! ट्रेलरपासून स्टँडपर्यंत. झिजलं काही नाही, पण उभं राहून सगळे सील वाळलेत. मागचा मुख्य सील दोरीचा, म्हणजे ब्लॉक १९५८ किंवा त्याआधीचा. दोरी बदलून तीच पद्धत ठेवली. हेडचे बोल्ट ६५ फूट-पाउंड, तीन टप्प्यांत. हे बोल्ट पाण्याच्या पोकळीत जातात, म्हणून आट्यांना सीलंट लावायचंच, नाहीतर कूलंट आट्यांवाटे वर झिरपतो.

वर तीन दोन-बॅरल कार्ब्युरेटर. बाहेरचे दोन काढल्यावर खाली पत्र्याच्या आंधळ्या चकत्या निघाल्या. दिखाऊ! काम फक्त मधल्याचं. चकत्या स्वच्छ करून परत तिथेच बसवल्या.

तेलात जस्ताचं प्रमाण १००० पीपीएमच्या वर हवं. सपाट टॅपेटच्या कॅमला (झडपा उघडणाऱ्या दांड्याला) आजचं साधं तेल पुरत नाही.

६ मे

घुमट. सगळ्या कामातलं हे सर्वांत अवघड.

जुन्या घुमटात भेगांचं जाळं आहे, कडेला दाट, वर विरळ. कारणं दोन. एक, अमोनियाचा काचपुशी फवारा, जो अ‍ॅक्रिलिकला चालत नाही. दोन, स्क्रूची भोकं स्क्रूएवढीच आहेत. अ‍ॅक्रिलिक मीटरला प्रत्येक अंशामागे ०.०७ मि.मी. पसरतं. १.३ मीटरच्या घुमटाला थंडी आणि उन्हातला ४० अंशांचा फरक म्हणजे साडेतीन मि.मी. खालची पोलादी चौकट त्याच्या सहाव्या भागाएवढीच पसरते. उरलेला ताण भोकाच्या कडेवर येतो आणि तिथून चीर निघते. जुना घुमट खोक्यात जपून ठेवला आहे, आकार त्याच्यावरूनच घेतला.

कागद, म्हणजे अ‍ॅक्रिलिकची सपाट शीट : ओतीव, ६ मि.मी. एक्स्ट्रूडेड चालत नाही, तापल्यावर एकाच दिशेनं आकसतं. ओतीवही पहिल्या तापात दोन्ही बाजूंनी सुमारे दोन टक्के आकसतं, म्हणून कागद तेवढा मोठा कापायचा. आधी ८० अंशांवर रात्रभर सुकवायचा. हवेतला ओलावा त्यात मुरलेला असतो आणि १७० अंशांवर त्याचे बारीक बुडबुडे होतात. ते मग कशानंही जात नाहीत.

साचा लागत नाही. दोन १८ मि.मी. प्लायवुड एकत्र चिकटवून त्यात १२०० बाय १३५० मि.मी.चा लंबवर्तुळाकार झरोका कापला. तापलेला कागद त्यावर दाबून खालून हवा सोडली की तो पुरीसारखा फुगतो, आकार झरोकाच ठरवतो. १६५ ते १७५ अंश, भट्टीत जवळजवळ २५ मिनिटं. बाहेर काढल्यापासून दोन मिनिटांत सगळं उरकायला हवं, नंतर तो ऐकत नाही. उंची ४६० मि.मी. : झरोक्यावर त्या उंचीला आडवी दोरी बांधलेली, माथा दोरीला टेकला की हवा तेवढीच धरून ठेवायची, ६० अंशांपर्यंत निवेतो.

पहिल्या फुगवण्यात माथ्याच्या डाव्या बाजूला लाटा आल्या. त्यातून पाहिलं तर समोरची ट्यूबलाइटची रांग डुलते. हवेचा झोत थेट कागदावर येत होता आणि तेवढी जागा आधी थंड पडत होती. नळीच्या तोंडावर आडवी फळी ठेवून झोत चारी बाजूंना फोडला, हवा कॉम्प्रेसरऐवजी मोठ्या टाकीतून कमी दाबानं घेतली. मग माथा स्वच्छ आला. माथ्याची जाडी ३.२ मि.मी., कडेला साडेपाच. क्षेत्रफळ दीडपट झालं की सरासरी जाडी चार मि.मी.वर येणारच. जास्त उंच घुमट हवा असेल तर ८ मि.मी.चा कागद घ्यावा.

१३ मे

कड कापली, घासली, भोकं पाडली. ड्रिलची धार बोथट करून घेतली, नाहीतर बिट कागदात घुसतो आणि पलीकडून टवका उडतो. ५ मि.मी. स्क्रूला ८.५ मि.मी. भोक, मध्ये निओप्रीनची बुशी, स्क्रू बोटानं आवळून वर पाव फेरा.

कड ज्योतीनं चमकवली नाही, त्यानं ताण बसतो. सगळं कापून झाल्यावर मग पुन्हा ८० अंशांवर शेक आणि ताशी दहा अंशांनी उतार. दोन पोलराइज्ड फिल्म्समध्ये धरून पाहिलं : शेकण्याआधी प्रत्येक भोकाभोवती इंद्रधनुषी कडं होतं, शेकल्यावर फक्त मागच्या दोन कोपऱ्यांत फिकट पिवळसर डाग. चालेल.

२७ मे

उचलण्याची यंत्रणा कन्व्हर्टिबलच्या टपाची : १२ व्होल्टचा पंप, दोन सिलिंडर. टाकीत कुणीतरी ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल भरलेलं. त्या काळच्या अशा पंपांत ब्रेकचं तेल असायचं आणि सीलही त्याच तेलाचे. खनिज तेलानं ते फुगून मऊ पडले आहेत. सगळे सील, नळ्या बदलल्या, नवे सील खनिज तेलाचे घेतले आणि टाकीवर तसं ठळक लिहिलं.

एक गोष्ट मूळ गाडीत नव्हती ती घातली. बॅटरी मेली तर आतला माणूस अडकतो, बाहेर पडायला दुसरी वाटच नाही. सीटखालून एक केबल ओढली की दाब सुटतो, खटका उघडतो आणि घुमट हातानं ढकलता येतो. बाहेरून काही दिसत नाही. शुद्धतेच्या नावाखाली हे टाळणं मूर्खपणाचं ठरेल.

वायरिंग : फायबरग्लासच्या बॉडीतून अर्थिंग मिळत नाही. प्रत्येक दिव्याला परतीची वेगळी तार हवी. जुन्या कारागिरानं मागचे दोन्ही दिवे एकाच गंजलेल्या स्क्रूवर परतवले होते, ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद व्हायचे ते यामुळे. आता पुढे-मागे एकेक तांब्याची पट्टी, तिथून चेसीला जाड वेणी.

१७ जून

रंग. फायबरवर पॉलिएस्टरची फवाऱ्याची लांबी, ८०, १५०, ३२० नंबर लांब ठोकळ्यावर, मग इपॉक्सी प्रायमरचे दोन हात, ६००. ठोकळा पंखावर तिरका फिरवायचा, नाहीतर जुन्या कारागिराची वळणं सपाट होतात.

मूळ रंग लॅकर. लॅकरचे एवढे थर जाड झाले की काही वर्षांत फुटतात, म्हणून क्लिअर (वरचा पारदर्शक थर) युरेथेनचा घेतला. इथे जुनेपणा सोडला, कारण मालकाला गाडी दाखवायची आहे, दर दहा वर्षांनी रंगवायची नाही.

चंदेरी बेस दोन हात. फ्लेक लिटरभर क्लिअरमध्ये १०० ग्रॅम, गनचं तोंड २.२ मि.मी., गाळणी काढलेली, कपात एक पोलादी गोळी. फ्लेक जड असतो, दर काही सेकंदांनी गन हलवली नाही तर तळाशी बसतो आणि शेवटचा पट्टा दाट येतो. फ्लेकच्या कडा उभ्या राहतात. त्यांच्यावर क्लिअरचे चार हात, ४०० नंबरनं सपाट, पुन्हा चार. घासताना चंदेरी चुरा दिसला की थांबायचं. फ्लेकचा माथा कापला की तिथे राखाडी ठिपका राहतो.

१८ जून

कँडी. आधी नमुन्याची पट्टी : तीच तयारी, तेवढाच फ्लेक, एका टोकाला चार हात, दुसऱ्याला दहा. हेडलाइटच्या कड्याखालच्या जपलेल्या पट्टीशेजारी, दुपारच्या उजेडात, सहा आणि सातमध्ये रंग जुळला. सहावर थांबायचं ठरलं, वरचा क्लिअर थोडं गडद करतोच.

मारताना तीन-चतुर्थांश पट्टा पट्ट्यावर. अर्ध्यावर अर्धा मारला तर वाघासारखे पट्टे उठतात आणि पुढच्या हातानं झाकले जात नाहीत, उलट गडद होतात. सगळी बॉडी एकाच माणसानं, एकाच दमात, टोकापासून टोकापर्यंत. कडांना आपसूक दोन्ही बाजूंनी रंग मिळतो, म्हणून तिथे गन आखडती. मास्क बाहेरून हवा पुरवणारा. क्लिअरच्या हार्डनरमधल्या आयसोसायनेटपुढे कोळशाची साधी डबी भरवशाची नाही.

पुढे ओरखडा आला तर ठिगळ लपणार नाही. कँडीत आख्खा पॅनेलच रंगवावा लागतो आणि इथे आख्खा पॅनेल म्हणजे आख्खी गाडी.

८ जुलै

आतलं काम. पांढरा नॉगहाइड (कृत्रिम चामडं), इंचाइंचाच्या फुगीर घड्या. जुन्या घड्यांचा कापूस दगड झालेला, नवा १० मि.मी. फोम. शिवण घालताना घडी वरून खाली जाईल अशी, नाहीतर धूळ साठते. घुमट बंद करून उन्हात तासभर ठेवली तर आत ५५ अंशांच्या वर जातं, साधा सरस सुटतो. उष्णता सोसणारा कॉन्टॅक्ट सरस वापरला.

२२ जुलै

मांडणीची तयारी. त्या काळी चेसीखाली आरसे आणि भोवती काचतंतूंचा पांढरा कापूस पसरत. आरसे घेऊ. कापूस नको. त्याचे तंतू क्रोमवर बारीक ओरखडे काढतात आणि फॅनमध्ये गुंडाळतात.

ट्रेलर : पट्टे अ‍ॅक्सलला, बॉडीला एकही नाही. घुमटावर फ्लॅनेलचं कापड, प्लास्टिक नाही, प्लास्टिकखाली धूळ घासते. घुमट मिटलेला पण खटका न लावता, कडेखाली चार जागी फेल्टच्या पट्ट्या. पुसायला फक्त कोमट पाणी, दोन थेंब सौम्य साबण आणि मऊ कापड. गाडीसोबत जाणाऱ्या पेटीत या नोंदींची प्रत, राखून ठेवलेला कँडीचा नमुना आणि घुमटाचे दहा जादा स्क्रू, बुश्यांसकट.